पाणी प्यालेली लक्ष्मी

आधी कबूल करून टाकते. एका दिवाळीला नागपुरातल्या साठ-सत्तर घरांतली लक्ष्मी मी एकटीनं उसवली. दरोडा नाही घातला, करणी नाही केली. नुसतं पाणी पाजलं. आणि ते पाजताना मला अगदी मनापासून वाटत होतं की आपण भयंकर हुशार आहोत, आणि आपल्या आधी होऊन गेलेल्या सगळ्या बायका जरा मंदच असाव्यात.

लक्ष्मी म्हणजे आपला शिंदीचा फडा. पुण्याकडचे लोक त्याला केरसुणी म्हणतात. दिवाळीला नवा फडा घरात आणायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, लक्ष्मीपूजनाला देवीशेजारी उभा करायचा आणि मगच त्यानं घर झाडायचं, ही रीत सगळ्यांना ठाऊक असते. पण तो येतो कुठून, हे विचारा. ‘बाजारातून’ म्हणतील. लग्नाआधी मीही तेच म्हटलं असतं, आणि वर मान वेळावली असती.

माझं माहेर सक्करदऱ्याचं, तळ्याच्या अलीकडे. वडील एका मालगुजाराकडे लिखापढी करायचे. मी चार इयत्ता शिकले होते आणि त्या चार इयत्तांचा मला इतका ताठा होता, की रस्त्यावरची पाटी दिसली की ती मोठ्यानं वाचल्याशिवाय मी पुढं पाऊल टाकत नसे. लग्न होऊन लकडगंजात आले. सासरचा धंदा शिंदीचा. जंगलातून पाला आणायचा, वाळवायचा, चिरायचा, त्याचे फडे, चटया, दोर करून विकायचे. मामंजी वारल्यापासून सगळं सासूबाईंच्या हातात होतं. गाडी हाकणं आणि जंगलाचा पास काढणं एवढं यांच्याकडे, म्हणजे माझ्या यजमानांकडे. बाकी पाला निवडण्यापासून बाजारात बसण्यापर्यंत सगळं सासूबाई करत. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

बाजारात त्यांचं एक पाल होतं. चार बांबू, वर एक फाटकी चादर, खाली गोणपाट. त्यावर आत्याबाई मांडी घालून बसायच्या आणि गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगायच्या, “सालभरात एक पातं गळलं तं वापस आनजो.” तीस वर्षांत कुणीही वापस आणला नव्हता. त्यामुळे त्या कधी ओरडून विकत नसत. शेजारचे ओरडायचे, या पान लावत बसायच्या. बायका लांबून लांबून विचारत येत, “ते न गळनाऱ्या फड्याची म्हातारी कुठं बसते?” एवढं एकच त्यांच्याजवळ होतं, पण ते सोन्यासारखं होतं. आणि ते सोनं मी आल्याच्या पहिल्याच वर्षी टाक्यात बुडवलं.

पाऊस उघडला, दसरा जवळ आला आणि पाला आणायला निघायची वेळ झाली. सुना जंगलात जात नसत. मी मात्र हट्ट धरला. जंगल म्हणजे मला वाटलं, एक मोठी बाग असेल, मोर नाचत असतील आणि मी त्यांच्याकडे बघत डबा खाईन. आत्याबाई म्हणाल्या, “तिथं काय हाय वं पोरी? काटे हायेत अन् जळवा हायेत.” मी म्हटलं, “पासवर काय लिहिलं आहे ते कोण वाचणार?” हे वाक्य ऐकून हे गाडीच्या मागं जाऊन हसत बसले. पण आत्याबाई म्हणाल्या, “चाल मंग, मास्तरीणबाई.”

सावनेरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी छिंदवाड्याच्या वाटेला लागलो. जंगलाच्या नाक्यावर नाकेदारानं पास मागितला. यांनी तो काढायच्या आत मीच हिसकला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. किती गाड्या, कोणता पाला, कोणतं खोड तोडायचं नाही, मोडलं तर काय शिक्षा, सगळं. शेवटी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेसुद्धा वाचलं. नाकेदार टोपी काढून उभा राहिला. मला वाटलं, मान देतोय. तो यांना म्हणाला, “भैया, जल्दी ले जाओ. नहीं तो ये मेरा भी नाम पढ़ देंगी.”

शिंदी नाल्याकाठी वाढते. खजुराची गरीब बहीण म्हणा. बारीक, काटेरी आणि कुणाचं ऐकून न घेणारी. तिचा पाला गोंड बायका कापायच्या, पिढ्यान्‌पिढ्या त्यांचंच काम. त्यांची जी पुढारीण होती ती उंच, काटक, दंडावर गोंदण, आणि डोळ्यांत कायम एक हसू, जणू तुमच्या पाठीवर काहीतरी चिकटलंय आणि ते तिला दिसतंय. बांबूला बांधलेल्या विळ्यानं ती बाहेरची पानं सपासप उतरवायची. मधला कोंब आणि त्याच्या भोवतीची कोवळी पानं मात्र सोडायची. मला ती कोवळी पानंच आवडली. पिवळसर पांढरी, रेशमासारखी. मी म्हटलं, “तीच द्या की! त्यांचे फडे किती सुंदर होतील!”

तिनं विळा थांबवला. “उसकी मुंडी काटेंगे तो अगले साल तेरी सास क्या बेचेगी? तेरेको?”

सगळ्या बायका खी खी करून हसल्या. मी पण हसले, कारण न हसणं म्हणजे आपल्याला लागलं असं दाखवणं. आणि एकदा हसू लागले की मला थांबता येत नसे. त्याच वेळी माझ्या हातात एका लांब पानाचं टोक होतं आणि दुसऱ्या बाजूनं आत्याबाई देठाजवळचे काटे छाटत होत्या. हसता हसता माझ्या हातून टोक सुटलं. पान कमानीसारखं उसळलं आणि देठाचा काटा, सुईपेक्षा जाड, आत्याबाईंच्या उजव्या अंगठ्यात रुतला.

त्यांनी काटा उपटून टाकला, अंगठा तोंडात धरला आणि म्हणाल्या, “काही नाही झालं.” गाडी घरी पोहोचेपर्यंत अंगठा लिंबाएवढा झाला होता.

आता इथं थोडं काम समजून घ्या. पाला वाळला की फळीत ठोकलेल्या खिळ्यांच्या फणीतून एकेक पातं ओढायचं, म्हणजे ते चिरून बारीक तंतू होतात. मग मूठभर जुळवून, वर जाड मूठ ठेवून, पात्याच्याच बंदानं आवळून बांधायचं. बांधताना बंदाचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरतात आणि हातानं मूठ फिरवत जातात. जोर सगळा पायाचा. आणि पायाबद्दल आमच्या घरात एक पक्का कायदा होता. गाठ बसून हळदकुंकवाचं बोट लागेपर्यंत तो नुसता पाला. पायात धरा, मांडीखाली दाबा, काही पाप नाही. पण कुंकू लागलं की ती लक्ष्मी. मग चुकून पाय लागला तरी दोन्ही हात जोडायचे, गालावर मारून घ्यायचं.

दुसरा कायदा पाण्याचा. “बंद ओला करजो. पात्याले पाणी दाखवाचं नाही,” एवढंच आत्याबाईंनी सांगितलं. काहून दाखवायचं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांच्या अंगठ्याला अळशीचं पोटीस बांधलेलं. उजवा हात चालत नव्हता. दिवाळी वीस दिवसांवर. बांधायचं काम कुणाकडे आलं? मास्तरीणबाईंकडे.

पहिले दोन दिवस मी बांधलं. सुकं पातं काय असतं महाराज! चाकूसारखं. बोटांच्या पेरांवर आडव्या चिरा पडल्या. भाकरी थापताना मीठ लागलं की मी उड्या मारायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई दुखण्यानं डोळा लागून पडल्या होत्या आणि मी मागल्या अंगणात बसून स्वतःच्या बोटांवर फुंकर मारत होते. समोर बैलांचं पाण्याचं टाकं. आणि माझ्या चार इयत्तांच्या डोक्यात दिवा लागला.

सक्करदऱ्याच्या तळ्यात दरसाल अंबाडी भिजत घालायचे. पेंढ्याच्या पेंढ्या, वर दगड ठेवून. चार-आठ दिवसांनी तिचे धागे कसे लोण्यासारखे सुटायचे! मग अंबाडी भिजते तर शिंदी का नाही? दोन्ही झाडंच. मी इतकी खूश झाले की टाळी वाजवली आणि बोटं पुन्हा दुखली.

पेंढ्या टाक्यात टाकल्या. दोन तासांत पाती मऊ! वेणीसारखी वळतील अशी. बैलांनी टाक्यात तोंड घातलं, आपल्या पाण्यात हे काय आलं म्हणून माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी न पिता मागं सरकले. बैलांना कळलं होतं, मला नाही. संध्याकाळपर्यंत मी पंधरा फडे बांधले. आदल्या दिवशी चार झाले होते. आणि काय फडे! गच्च, टंच, मुठी अशा भरलेल्या की दोन हातांत मावू नयेत. मी त्यांना भिंतीशी ओळीनं उभं केलं आणि त्यांच्यासमोर चक्क एक गिरकी घेतली. हे घरी आले तेव्हा मी गिरकीत होते. “काय झालं?” म्हणाले. “तुमच्या आईच्या तीस वर्षांचा मी निकाल लावला,” म्हटलं. किती खरं बोलले होते मी, माझं मलाच ठाऊक नव्हतं.

सकाळपर्यंत बाहेरून ते वाळले. आत्याबाईंनी डाव्या हातानं मूठ दाबून पाहिली. “बरी आवळली,” म्हणाल्या. आत्याबाईंच्या तोंडून ‘बरी’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तोंडून पोवाडा. मग तर मी रोजच दुपारी त्या झोपल्या की पेंढ्या टाक्यात घालू लागले. गुपित कुणाला सांगायचं नाही, हे ठरवलं होतं. दिवाळी झाली की एकदम सांगून सगळ्यांना चाट पाडायचं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी बाजारात साठ-सत्तर फडे गेले. मी पालात आत्याबाईंच्या मागं बसले होते आणि प्रत्येक फडा उचलला गेला की मला वाटायचं, माझंच कौतुक चाललंय. आत्याबाई तेच वाक्य म्हणत होत्या, “सालभरात एक पातं गळलं तं वापस आनजो.” मी मागून मान डोलवत होते.

आता सांगते काहून दाखवायचं नाही ते. भिजलं की पातं फुगतं. फुगलेलं असताना बांधलं की हाताला गच्च लागतं. मुठीच्या पोटातलं पाणी वाळायला पाच-सहा दिवस लागतात. वाळलं की पातं आक्रसतं, बंद मात्र तेवढाच राहतो. मग मूठ अशी होते जशी बारीक बोटात मोठ्या माणसाची अंगठी.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आम्ही पाल लावून बसलो. बाजार असा फुललेला की मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. बोळकी, पणत्या, लाह्या, बत्तासे, झेंडूच्या राशी. मी नवं लुगडं नेसले होते. इतक्यात गर्दीतून डाळीच्या अडत्याची बायको येताना दिसली. जाडजूड, नाकात नथ, लकडगंजातल्या निम्म्या बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. तिनं दोन्ही हातांत सूप धरलं होतं, आजारी लेकराला न्यावं तसं जपून. सुपात आमचा फडा. त्याला हळदकुंकू लागलेलं. आणि तो आडवा, हातपाय पसरून पडलेला.

“पाय वं बाई, तुह्या लक्ष्मीचं काय झालं!” ती ओरडली. “घरात आनली, कुंकू लावलं, देवाजवळ उभी केली. आज सकाळी पाहतो तं बसली! उचलाले गेली तं हातात अर्धीच आली!”

तिनं सूप हलवलं. पाती भुरभुर खाली पडली.

मी पटकन म्हटलं, “उंदीर असतील.”

“माह्या घरात?” ती म्हणाली. मी परत आत्याबाईंच्या मागं गेले.

तोवर दुसरी आली. तिनं लक्ष्मी पदरात गुंडाळून आणली होती. तिसरी आली, तिच्या एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात पाती. चौथी म्हणाली, माझा फडा कोपऱ्यात उभा होता, मांजर जवळून गेली तर कोसळला; मांजर अजून घरी आली नाही. पालासमोर पंधरा-वीस बायका जमल्या, प्रत्येकीच्या हातात कुंकू लावलेली, खिळखिळी झालेली लक्ष्मी. शेजारचे फडेवाले ओरडायचं थांबून आमच्याकडे बघायला लागले.

आत्याबाईंनी सुपातलं एक पातं उचललं. नखानं दुमडलं. वास घेतला. मग मागं वळून माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्यांना सगळं कळलं, टाकं, दुपारची झोप, गिरकी, सगळं. मी डोळे मिटून घेतले, आता सगळ्यांसमोर माझी शोभा होणार म्हणून.

पण त्या बायकांकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “माहा हात ढिला पडला असंन. अंगठा दुखून राहिला.”

अडत्याची बायको शेजारणीला म्हणाली, हळू बोलते असं समजून, पण तिचं हळू अर्ध्या बाजाराला ऐकू जायचं, “म्हातारीचा हात गेला वं आता. पुढल्या साली दुसरं पाल पाहा लागन.”

आत्याबाई खाली मान घालून पाती गोळा करत होत्या. डाव्या हातानं, एकेक. तीस वर्षांचं ते वाक्य कुणीतरी त्यांच्या तोंडातून काढून घेतलं होतं, आणि त्या मला वाचवण्यासाठी तसंच तोंड मिटून बसल्या होत्या.

मला आजवर कळलं नाही, मी कशी उठले. एवढं आठवतं की मी पणत्यांच्या पाटीवर पाय देणार होते, पणतीवालीनं माझं लुगडं ओढलं म्हणून वाचले. मी फड्यांच्या गठ्ठ्यावर चढले आणि पासवरचं छापखान्याचं नाव वाचलं होतं त्याच आवाजात ओरडले, “यांचा हात नाही गेला! माझी अक्कल गेली! यांनी एकही फडा बांधला नाही. सगळे मी बांधले! बैलाच्या टाक्यात भिजवून बांधले! अंबाडीसारखे!”

शेजारचा फडेवाला, पन्नाशीचा गंभीर माणूस, म्हणाला, “शिंदी भिजवली?” आणि दोन्ही हात डोक्याला लावून खाली बसला. जशी काही त्याच्या घरात मयत झाली.

मग हशा फुटला. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकवून हसू लागल्या. अडत्याची बायको मात्र हसली नाही. “ते सगळं बरं हाय,” म्हणाली. “पन उद्या पूजा हाय. मी काय देवीजवळ हे सूप ठेवू?”

आत्याबाई उठल्या. “आना इकडं. सगळ्याइच्या बांधून देतो. आत्ताच.”

हे सांगणं सोपं होतं. फडा हातात घेतला, बंद ओला केला, आणि मी सवयीनं पाय पुढं केला. वीस बायका एकदम किंचाळल्या. कुंकू! लक्ष्मीला पाय!

मी पाय असा मागं घेतला जसा विस्तवावर पडला. आता काय? पायाचा जोर नाही तर मूठ आवळत नाही. आणि हाताचा जोर तर आत्याबाईंच्या अंगठ्यापाशीच संपलेला.

“कुंकू धुऊन टाका, मंग पालाच होईन,” एक म्हणाली.

“पुन्हा पाणी?” अर्धा बाजार ओरडला.

“भटजीले विचारा लागन,” दुसरी.

“भटजीले फडा बांधता येते का?” आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी बंदाचं टोक पालाच्या बांबूला बांधलं. “ओढ,” मला म्हणाल्या. मी मूठ धरून सगळ्या अंगानं ओढली. मूठ आवळली की नाही कळलं नाही, कारण बांबू निघाला, त्याच्या मागं दुसरा निघाला, आणि ती फाटकी चादर आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसली. चादरीखाली अंधार आणि अडत्याच्या बायकोची नथ माझ्या केसात अडकलेली. “सोड वं माही नथ!” ती ओरडत होती. “मी धरलीच नाही!” मी ओरडत होते.

चादर काढली तेव्हा आत्याबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बैल निवडताना पाहतात तसं. मग गोणीतला जाड दोर काढला आणि माझ्या कमरेभोवती गुंडाळला. दोराच्या टोकाला बंद बांधला.

“इतके महिने खाल्लं,” म्हणाल्या, “ते वजन आज कामाले येऊ दे. मागं झोक.”

मी मागं झोकले. बंद तारेसारखा ताणला. एक बाई मूठ धरून फिरवू लागली, दुसरी पाती जुळवू लागली, आत्याबाई डाव्या हातानं टोक आत खोचत होत्या. एक, दोन, तीन वेढे. कच्चकन मूठ आवळली. हात लावून पाहिली, दगड! बायकांनी ओरडून बाजार डोक्यावर घेतला.

मग काय, जत्राच. रांग लागली. “पुढची आन!” “झोक वं पोरी!” “अजून झोक!” मी मागं झोकायची, बायका वेढे द्यायच्या, पुन्हा सरळ व्हायची, पुन्हा झोकायची. अठराव्या की एकोणिसाव्या लक्ष्मीला बंद तुटला. मी उलटी पावलं टाकत गेले, गेले, आणि मागच्या झेंडूवालीच्या राशीत बसले. गळ्यापर्यंत झेंडू. कानात झेंडू. झेंडूवाली म्हणाली, “तिले राहू द्या. उद्या पूजाच हाय.”

तेव्हा अडत्याची बायको हसली. अशी हसली की तिला पणतीवालीच्या चौरंगावर बसवावं लागलं. आणि मग पदर खोचून तीच मूठ फिरवायला बसली. तिच्यासारखा पीळ कुणीच दिला नाही.

दुपार कलताना हे गाडी घेऊन आले. बाजारात आपली बायको कमरेला दोर बांधून मागं रेललेली आणि वीस बायका तिला ओढताहेत हे बघून बैलांचा कासरा त्यांच्या हातून सुटला.

“हे काय हाय माय?”

आत्याबाईंनी वर न बघताच उत्तर दिलं, “नवा बैल घेतला. जुने शहाणे होते, त्याइनं टाक्यातलं पाणी नाही पेलं.”

शेवटची लक्ष्मी अडत्याच्या बायकोची. तिनं स्वतःच सगळ्यांत मागं ठेवली होती, तपासायला. बांधून झाली, तेव्हा तिनं ती उलटी धरली आणि सगळ्यांसमोर तीनदा जोरानं झटकली. बाजार बघतोय. पाती खाली पडली नाहीत. एकही नाही. तिनं फडा सुपात उभा ठेवला, आत्याबाईंपुढं आली आणि म्हणाली, “पुढल्या साली इथंच येईन वं बाई. पन हिले आधी पाणी पाजून आनजो. तिची तहान भागली म्हणजे पाल्याले देनार नाही.”

आत्याबाईंनी पान लावलं, आधी तिला दिलं, मग स्वतः खाल्लं. आणि चार-पाच बायका पुढून जात होत्या त्यांना, कुणी विचारलं नसताना, ते वाक्य ऐकवलं, “सालभरात एक पातं गळलं तं वापस आनजो.” तीस वर्षांत त्या पहिल्यांदाच ओरडल्या असाव्यात.

घरी जाताना मी गाडीत त्यांच्याशेजारी बसले. कंबर इतकी दुखत होती की खड्ड्याखड्ड्याला मी ‘आई गं’ म्हणत होते, आणि प्रत्येक ‘आई गं’ला हे पुढं बसून हसत होते. आत्याबाई डाव्या हातानं उरलेले बंद मोजत होत्या. मला वाटलं, आता मला कायमची चुलीपाशी बसवतील. गाडीत आणि घरात उरलेले फडे होते, ते सगळे त्या रात्रीच उकलून पुन्हा बांधायचे होते. उद्या लक्ष्मीपूजन, वर्षाचा सगळ्यांत मोठा बाजार. शेवटी राहवेना. म्हटलं, “आत्याबाई, उद्या मी घरीच राहू ना?”

त्यांनी पोटीस बांधलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

“उद्या पालात तू बसजो. मी बाजार पाहाले जाईन. तीस वर्सं झाले वं पोरी, दिवाळीचा बाजार मले नुसत्या लोकाइच्या पायांवरूनच माहीत हाय.”